कायद्याच्या तत्त्वज्ञाचं चरित्र लिहिताना खाजगी आयुष्यातल्या वादग्रस्त गोष्टींचं काय करायचं

कायद्याच्या एखाद्या तत्त्वज्ञावर लिहायला घेतलं की कुठेतरी असं वाक्य हमखास सापडतं: तो मुळात समलैंगिक होता, त्याच्या बायकोचं बाहेर प्रकरण होतं, ती रशियाची हेर होती. बहुतेक जण मग एकतर ते वाक्य जसंच्या तसं उचलतात नाहीतर गुपचूप गाळून टाकतात, आणि दोन्ही वेळा त्या माणसावर अन्यायच होतो.

आधी बघा की हे म्हणतंय कोण आणि कशाच्या जोरावर. विसाव्या शतकातला ब्रिटिश कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट याचंच घ्या. तो १९९२ मध्ये गेला आणि निकोला लेसीने लिहिलेलं त्याचं चरित्र आलं २००४ मध्ये, त्यासाठी त्याच्या खाजगी डायऱ्या आणि पत्रं वापरायला दिली ती खुद्द त्याच्या बायकोने, जेनिफरने. स्वतःच्या लैंगिकतेबद्दलची घालमेल हार्टने स्वतःच लिहून ठेवली होती, म्हणजे ही ऐकीव गोष्ट नाही. तरी तुम्ही "हार्ट समलैंगिक होता" असं ठोकून देऊ नका, "त्याने खाजगी कागदांत असं लिहिलंय, असं चरित्रकार सांगते" असं लिहा. जरा लांब होतं, होऊ द्या. माणूस स्वतःशी काय बोलत होता आणि जगाने त्याला कोणतं लेबल लावलं यात खूप फरक आहे.

आता त्या पुस्तकावर वादही झाला, अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगेलने परीक्षणात एवढं खाजगी छापण्याबद्दलच नाराजी मांडली. इथे लोक गडबड करतात. गोष्ट खरी आहे का हा एक वाद, ती सांगावी का हा दुसरा. नेगेलचा आक्षेप दुसऱ्या प्रकारचा, त्यामुळे त्याचं नाव घेऊन "हा दावा संशयास्पद आहे" असं लिहिलंत तर ते चूक ठरेल. वादग्रस्त हा शब्द टाकण्याआधी नेमका वाद कशावर आहे ते एका ओळीत सांगता येतंय का बघा, नसेल येत तर तो शब्द काढा.

जेनिफर रशियाची हेर होती या आरोपाचं प्रकरण वेगळं. १९८३ मध्ये वर्तमानपत्रांत ते खूप गाजलं, हार्टने युद्धकाळात एमआय फाइव्ह या ब्रिटिश गुप्तचर खात्यात काम केलेलं असल्याने त्याच्यावरही शिंतोडे उडाले आणि त्याची तब्येत पार ढासळली. यात धड माहीत असलेलं असं की जेनिफर १९३० च्या दशकात कम्युनिस्ट पक्षात होती, हे तिनेच सांगितलं, आणि हेरगिरी केल्याचं तिने नाकारलं. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात लिहा, म्हणजे कोणी अर्धंच वाक्य उचलून पुढे पाठवणार नाही.

पत्रं असली तर अजून जपून. एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश कायदेतत्त्वज्ञ जॉन ऑस्टिन याची बायको सारा हिची एका जर्मन प्रिन्सला, प्युकलर-मुस्काउला, लिहिलेली उत्कट प्रेमपत्रं पुढे उजेडात आली, १९९१ मध्ये त्यावर पुस्तकही आलं. ती वाचून "प्रकरण होतं" असं लिहायचा मोह होणारच, पण तो सगळा उमाळा कागदावरचा होता, तेव्हा ते दोघं भेटलेलेसुद्धा नव्हते! पत्रावरून पत्रात काय लिहिलं तेवढंच कळतं, पुढे काय घडलं ते नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती विचारांना बेडरूममध्ये नेऊन बसवण्याची. पुरुषांमधले समलैंगिक संबंध खाजगीत आणि संमतीने असतील तर गुन्हा मानू नका असं सुचवणारा ब्रिटनमधला वुल्फेंडन रिपोर्ट १९५७ चा, त्यानंतर त्यावरून ब्रिटिश न्यायाधीश डेव्हलिनशी हार्टचा वाद, आणि १९६३ मध्ये हार्टने सविस्तर मांडलं की निव्वळ अनैतिक वाटतं म्हणून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना शिक्षा करता येत नाही. आता डायऱ्या वाचून कोणी म्हणतं, अच्छा, म्हणून! अहो, तो युक्तिवाद बरोबर की चूक हे त्यातल्या कारणांवरून ठरणार ना? त्याच्या आधीचा इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम याचं तसंच, समलैंगिकतेला शिक्षा नको हा त्याचा १७८५ च्या सुमाराचा निबंध छापून आला १९७८ मध्ये, आणि तेवढ्यावरून तो स्वतः कसा होता याचे अंदाज बांधायचे म्हणजे कमालच झाली. २००६ मध्ये बेंथमला अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम (ऑटिझमचा एक प्रकार) असावा असाही निबंध आला. पण १८३२ मध्ये गेलेल्या माणसाला कोणी समोर बसवून तपासलेलं नाही, त्यामुळे ते निदान म्हणून लिहू नका, लेखकांचा तर्क म्हणून लिहा, किंवा छोटा लेख असेल तर सोडून द्या, काही बिघडत नाही.

जागेचंही भान ठेवा. हार्टवर दोन पानं असतील तर कायद्याच्या स्वरूपाबद्दल तो काय म्हणतो याला बहुतेक जागा, खाजगी गोष्टीला दोन-तीन वाक्यं, आणि ती पहिल्या परिच्छेदात किंवा शीर्षकात मुळीच नको. मुलं-नातवंडं हयात असतील तर मूळ गोष्टीला गरज नसलेली त्यांची नावं गाळा. आणि घरच्यांपैकी कोणी आक्षेप घेतला तर आधी नीट ऐकून घ्या: त्यांच्याकडे वेगळं पत्र किंवा तारीख असेल तर मजकूर बदला, फक्त दुखावले असतील तर माहिती तशीच ठेवून शब्द पुन्हा बघा, बऱ्याचदा एखादं चटपटीत विशेषण काढलं तरी भागतं.