छोट्या दवाखान्यासाठी डिजिटल एक्स-रे यंत्रणा कशी निवडावी

विक्रेत्याला बोलावण्याआधी दवाखान्याची नोंदवही उघडा. गेल्या काही महिन्यांत कोणते एक्स-रे किती निघाले ते लिहून काढा: छाती, हातपाय, मणका, लहान मुले, उभे राहू न शकणारे रुग्ण. पुढचे बहुतेक निर्णय या एका कागदावरून होतात.

मग सीआर (कॉम्प्युटेड रेडिओग्राफी) की डीआर (डिजिटल रेडिओग्राफी), हे ठरवा. सीआरमध्ये फिल्मऐवजी कॅसेटमध्ये फॉस्फरची प्लेट असते आणि प्रत्येक वेळी ती रीडरमध्ये घालावी लागते. डीआरचे सपाट पॅनेल काही सेकंदांत चित्र थेट संगणकावर दाखवते. रुग्ण हलला असेल तर तो टेबलावर असतानाच कळते. सुरुवातीचा खर्च सीआरचा कमी, पण नव्याने घेत असाल तर माझे मत स्पष्टपणे डीआरच्या बाजूने आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि खरेदीच्या बोलण्यात हमखास मागे पडणारे: जनरेटर, म्हणजे एक्स-रे ट्यूबला वीज पुरवणारा भाग. जुन्या यंत्राला नुसते पॅनेल जोडता येते, याला रेट्रोफिट म्हणतात. ते यंत्र धड असेल तर हा मार्ग उत्तम. पण दुबळ्या जनरेटरची उणीव पॅनेल भरून काढत नाही. समजा, छातीच्या एका एक्स-रेला ५ एमएएस (मिलिअँपिअर-सेकंद, म्हणजे ट्यूबमधला प्रवाह गुणिले वेळ) लागले. १०० एमए (मिलिअँपिअर) प्रवाह देणाऱ्या यंत्राला त्यासाठी ५० मिलिसेकंद लागतील, ३०० एमएच्या यंत्राला १७ च्या आसपास. धाप लागलेल्या रुग्णाला किंवा रडणाऱ्या बाळाला श्वास रोखता येत नाही, तेव्हा याच फरकाने चित्र पुसट होते. म्हणून आधी जाणकाराकडून ट्यूब, टायमर आणि कोलिमेटर (किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागापुरता ठेवणारा भाग) तपासून घ्या, पॅनेलचे नंतर बघा.

पॅनेल घेताना किरणांचे प्रकाशात रूपांतर करणारा थर कोणता, हे विचारा. सिझियम आयोडाइडचे स्फटिक सुईसारखे असतात, त्यामुळे प्रकाश आजूबाजूला कमी पसरतो. गॅडोलिनियमच्या थराच्या तुलनेत साधारणपणे कमी किरणांत चांगले चित्र मिळते. जास्तीचा खर्च इथेच करावा. आकार ३५ × ४३ सेंमी असला तर बहुतेक कामे भागतात; ४३ × ४३ चे पॅनेल रुंद छातीसाठी फिरवावे लागत नाही. पिक्सेलच्या आकड्यांत फार अडकू नका. वायरलेस पॅनेल हातातून पडू शकते, तेव्हा पडून झालेले नुकसान वॉरंटीत धरले आहे का, हे लेखी घ्या.

रुग्णाच्या हिताचा एक मुद्दा सोडू नका. फिल्मवर किरण जास्त झाले की ती काळी पडायची आणि चूक दिसायची. डिजिटल चित्र जास्त किरणांतही सुंदरच दिसते, म्हणून मात्रा नकळत वाढत जाते. प्रत्येक चित्रासोबत एक्स्पोजर इंडेक्स (पॅनेलवर किती किरण पडले त्याचा आकडा) आणि डेव्हिएशन इंडेक्स (तो ठरवलेल्या आकड्यापासून किती हटला ते) दाखवणारे सॉफ्टवेअरच घ्या. डेव्हिएशन इंडेक्स शून्याजवळ हवा. तो +३ आला तर पॅनेलवर ठरवलेल्याच्या सुमारे दुप्पट किरण पडले.

चित्रे डायकॉम (वैद्यकीय चित्रांच्या सर्वमान्य) स्वरूपात बाहेर काढता आली पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे अवघड होते. छातीचे एक चित्र साधारण १५ एमबीचे असते. दिवसाला २० चित्रे आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ९० जीबी होतात, आणि बॅकअपची जागा वेगळी.

डेमो मागताना विक्रेत्याच्या निवडक चित्रांवर विसंबू नका. तुमच्याइतकेच काम असलेल्या दवाखान्यात जाऊन तिथल्या टेक्निशियनशी बोला. स्थूल रुग्णाचा कमरेचा मणका कसा येतो, ते बघा. चांगले पॅनेल तिथे ओळखू येते.

करार करताना सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क, बिघाड झाल्यावर किती तासांत माणूस येणार, आणि दुरुस्ती होईपर्यंत बदली पॅनेल मिळणार का, हे लिहून घ्या. खोलीची शिशाची संरक्षक व्यवस्था आणि नियामक संस्थेचा परवाना यंत्र येण्याआधी मार्गी लावा. पैशांचा शेवटचा हप्ता मात्र बसवलेल्या यंत्राची पात्र तज्ज्ञाने चाचणी घेऊन अहवाल दिल्यावरच द्या.