बराकीत माणूस म्हणून राहायचं कसं

आमच्या माजलगाव तालुक्यात बांधावरून भांडण झालं की फिर्यादीत घरातल्या सगळ्या कर्त्या माणसांची नावं येतात. माझंही तसंच आलं. कलम 302 म्हणजे खून, सोबत 34, म्हणजे सगळ्यांनी मिळून केला असा आरोप. नोव्हेंबर 2018 ते सप्टेंबर 2021, दोन वर्षं दहा महिने मी न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागेपर्यंत आत ठेवलेला, होतो, मग निर्दोष सुटलो. आता कुणाचा पोरगा नाहीतर नवरा आत गेला की घरचे माझ्याकडं येतात आणि एकच विचारतात, "तिथं कसं राहायचं असतं, भाऊ?" तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून लिहून काढतोय. हे आत जाणाऱ्यासाठी आहे, त्याच्याशीच बोलतो.

पहिल्या रात्री तुला जागा मिळेल ती संडासाच्या बाजूची. त्यावरून भांडू नको. जुनी माणसं सुटत जातात तसं आपण पुढं सरकत जातो. केस काय, असं सगळे विचारतील. कलम सांग, कहाणी सांगू नको. कुणाजवळ मन मोकळं करायचं हे महिनाभरात कळतं.

आत गेलं की ठरवणं संपतं. उठायचं कधी, जेवायचं कधी, कुणाशेजारी झोपायचं, सगळं दुसरा ठरवतो. रात्रभर दिवा चालू असतो, तो मालवायचंसुद्धा आपल्या हातात नसतं. सहा महिने असे गेले की माणूस स्वतःहून काही करायचंच विसरतो. मी अशी माणसं पाहिली, दार उघडलं तरी कुणीतरी 'चल' म्हणेपर्यंत बसून राहणारी. म्हणून कितीही बारीक असो, काहीतरी आपल्या ठरवण्यात ठेवायचंच. मी सकाळच्या गिनतीच्या आधी अर्धा तास उठायचो. दोन मग पाण्यात आंघोळ, कांबळ्याची चौकोनी घडी, शर्टाची सगळी बटणं लावलेली. तारखेचा शर्ट वेगळा ठेवायचा आणि आदल्या रात्री अंथरुणाखाली नीट घडी घालून त्यावर झोपायचं, सकाळी इस्त्री केल्यासारखा निघतो. न्यायाधीन बंद्याला अंगावर घरचे कपडे घालता येतात, शिक्षा लागलेल्याला ते मिळत नाहीत. तेवढं आपल्याकडं असताना ते मळकट ठेवू नये. कोर्टाच्या व्हरांड्यात माय उभी असते, ती आधी चेहरा बघते आणि मग कॉलर.

तारखेविषयी सांगतो, कारण माझं पहिलं वर्ष त्यातच वाया गेलं. पुढच्या तारखेला सुटतो असं मी प्रत्येक वेळी धरून चालायचो. त्या दिवशी साहेब रजेवर, नाहीतर साक्षीदार गैरहजर, नाहीतर आमची गाडीच निघाली नाही. परत आलो की तीन दिवस भाकर गोड लागायची नाही. (भाकर म्हणतो ती सवयीनं, आत चपाती मिळते. ज्वारीच्या भाकरीची आठवण इतकी येते की ती दुखण्यातच धरावी.) भिंतीवर रेघा मारायचो, तेही सोडलं. रेघा मोजल्या की फक्त काय गेलं ते दिसतं. नंतर मी वहीत दुसरंच लिहायला लागलो: आज कुणाचा अर्ज लिहिला, कुणाचं पत्र लिहिलं.

हे काम माझ्याकडं अक्षर बरं असल्यामुळं आलं. सुरुवातीला एका जालन्याच्या पोराचं बायकोला पत्र, मग त्याच्या शेजाऱ्याचं, मग जामिनाचे, औषधाचे, बराक बदलण्याचे अर्ज. लिहिताना समोरचा माणूस काय सांगतो त्यातलं एक वाक्य त्याचंच, त्याच्याच बोलीत ठेवायचं. 'म्हशीला वगारू झालं का' एवढं वाक्य पत्रात असलं की घरच्यांना कळतं, हे आपल्याच माणसानं सांगितलंय.

आमच्यात पासष्टीतले एक बाबा होते, पाटोद्याकडचे. आयुष्यभर अंगठा लावलेला. वकीलपत्रावर अंगठा, जबाबावर अंगठा. एकदा मला म्हणाले, "माझ्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही आन् मी त्याच्याखाली सही देतो." त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी बराकीला कुलूप लागायच्या आधी फरशीवर पाणी सांडलं आणि बोटानं त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर काढून दाखवलं. पाणी वाळलं की पुन्हा काढायचं. पेनानं चुकलं तर माणूस लाजतो, पाण्यानं चुकलं तर ते आपोआप पुसलं जातं, म्हणून सुरुवात पाण्यानंच करावी. जोडाक्षराला आठ दिवस लागले. तेविसाव्या दिवशी कागदावर अख्खं नाव आलं, वेडंवाकडं, शिरोरेघ डोंगरावर चढल्यासारखी. पुढच्या तारखेला कारकुनानं सवयीनं शाईचा डबा पुढं केला, तो बाबांनी हातानं बाजूला सारला आणि पेन मागितलं. परत आले तेव्हा बराकीत कुणाला काही सांगितलं नाही, फक्त माझ्या ताटात स्वतःचं केळं ठेवलं.

तुला लिहिता येत नसेल तर दुसरं काही येत असेल. धुळ्याच्या जेलात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. आमच्यात विनोबा कुणी नव्हतं, पण रविवार होता. एकानं एक तास आपल्या धंद्यातलं सांगायचं, असं आम्ही ठरवलं. देवणी आणि लाल कंधारी बैल बाजारात कसा पारखायचा, मोसंबीचा बहार कसा धरायचा, उसाची मोळी कशी बांधली की खांद्याला कमी लागते. शहरातल्या एका भटारखानेवाल्या चाचांनी दोनशे माणसांचं नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, सांगितलं, हळद कधी पडते, तर्री वर कशी येते, नान तंदुरातून काढून कशाला काय लावतात. दीड तास कुणी हललं नाही. दारू विकल्याच्या केसमध्ये आलेला तो चाचा त्या दिवसापासून सगळ्यांचा 'उस्ताद' झाला.

आता माझी एक चूक. संडास साफ करायचं काम एका विशिष्ट समाजाच्या पोरांवरच पडायचं, कुणी लिहून दिलेलं नसताना. मी महिनाभर पाहत राहिलो. मला त्याची लाज अजून वाटते. मग एका सकाळी खराटा मी घेतला, चारजण हसले, दोघं आले, आणि पाळी लागली. सर्वोच्च न्यायालयानं 3 ऑक्टोबर 2024 ला सांगितलंय की तुरुंगात जातीवरून काम वाटणं घटनाविरोधी आहे आणि बंद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढून टाकायचा. हे माहीत असू दे, आणि कुणावर तसं काम पडलं तर त्याला हे सांग. माझ्यासारखा महिना थांबू नको.

कागदाचं थोडक्यात, पण हे पाठ कर. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12. पैसे नाहीत हे सिद्ध करत बसावं लागत नाही. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते, ती आपल्याजवळ ठेव आणि कुणाकडून तरी पूर्ण वाचून घे. केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर लिहून ठेव, घरच्यांना त्यावरून मोबाइलवर तारीख दिसते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणं, आधी कधी शिक्षा न झालेल्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं असतं, बाकीच्यांना निम्मा. तसा अर्ज कोर्टाकडं करायचं काम अधीक्षकांचं आहे, पण आपला हिशोब आपण करून द्यावा. फाशी किंवा जन्मठेपेचं कलम असेल तर हे लागू नाही, एकाहून जास्त केसेस चालू असतील तरी नाही. माझं 302 होतं. खोट्या आशेवर बसू नको म्हणून सांगतो.

घरच्यांनो, हे तुमच्यासाठी. मुलाखतीला आल्यावर वीस मिनिटं वकिलाच्या पैशावर घालवू नका. माझी बायको सांगायची, कापसाची दुसरी वेचणी झाली, विहिरीला दोन परस पाणी आहे, धाकट्याचा दात पडला. ते मी आठवडाभर पुरवून पुरवून आठवायचो. आणि वाईट बातमी लपवू नका. माझे वडील डिसेंबर 2019 मध्ये गेले, मला फेब्रुवारीत सांगितलं. मला त्रास नको म्हणून. वेळेवर कळलं असतं तर अंत्यविधीसाठी तात्पुरत्या जामिनाचा अर्ज करता आला असता, पोलीस बंदोबस्तात का होईना, तोंड दिसलं असतं. ज्या दिवशी कळलं त्या रात्री बराकीत कुणी मोठ्यानं बोललं नाही. उस्तादांनी माझा कपडा धुतला. पुढच्याच महिन्यात कोरोना आला आणि मुलाखतीच बंद झाल्या. नंतर बोलणं व्हायचं ते मोबाइलच्या पडद्यावर, आणि पडद्यामागच्या भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो.

सुटायच्या दिवशी घाई होते, नाव पुकारलं की सामान गोळा करायला वेळ मिळत नाही. म्हणून काय कुणाला द्यायचं ते आधीच ठरवून ठेव. बादली आणि मग संडासाजवळ झोपणाऱ्याला. कांबळं थंडीत ज्याला खोकला आहे त्याला. मी वही बरोबर आणली, आणि पेन दोन रिफिलींसकट बाबांकडं दिलं. त्यांना तोवर नाव, गाव, तालुका, जिल्हा एवढं लिहिता येत होतं. अर्जाच्या वरच्या ओळी तेवढ्यात होतात.