खुब्याच्या सांधेरोपणापूर्वी चरबी कुठे आहे ते पाहावे

खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली की बहुतेक घरांत काट्यावरच्या आकड्याचीच चर्चा होते. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ४० च्या पुढे गेल्यास धोका वाढतो हे खरेच. परंतु तेवढ्याच वजनाच्या दोन रुग्णांपैकी एकाची चरबी पोटात आणि दुसऱ्याची खुब्यावर असू शकते, आणि दोघांची काळजी वेगळी घ्यावी लागते.

प्रथम कमरेचा घेर मोजावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, पोट आत न ओढता, श्वास सहज सोडल्यावर टेप लावावी. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा मानतात. घेर त्याहून अधिक असल्यास, रुग्ण अंगाने बेताचा दिसत असला तरी, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) आणि रक्तदाब तपासून घ्यावा, कारण वाढलेली साखर जंतुसंसर्गाला वाट करून देते.

खुब्याच्या बाहेरच्या बाजूला चरबीचा थर जाड असेल, तर बाजूने किंवा मागून घेतलेला छेद खोल जातो. चरबीला रक्तपुरवठा कमी असल्याने तिथे रक्त वा पाणी साचून जखम पाझरत राहू शकते. समोरून घेतलेला छेद जांघेजवळ येतो, म्हणून बसल्यावर पोट मांडीवर टेकते का, हे पाहून शल्यविशारदांना आवर्जून सांगावे. छेद कुठून घ्यायचा, याचा निर्णय त्यांनाच घेऊ द्यावा. मात्र प्रश्न अवश्य विचारावा.

ठाण्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, जांघेच्या घडीत घाम मुरतो आणि गजकर्ण होते. संकोचापोटी ते लपवले जाते आणि मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावले जाते, ज्याने ते अधिकच चिवट होते. त्वचारोगतज्ज्ञांकडून ते पूर्ण बरे करून मगच शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

वजन उतरवण्यासाठी उपासमार करू नये; प्रथिने कमी पडली तर जखम भरायला वेळ लागतो, तेव्हा डाळ, दही, अंडी, मासे चालू ठेवावेत. तंबाखू आणि मिश्री किमान चार आठवडे आधी बंद करावी.

घरी आल्यावर जखमेतून पाणी येत राहिले, तर स्वतःहून अँटिबायोटिक सुरू करू नये. त्याने खोलवरचा संसर्ग झाकला जातो. त्याच दिवशी शल्यविशारदांना जखम दाखवावी.