मेल सर्व्हरचा लॉग लावताना या चुका टाळा

"ऑर्डरची मेल आलीच न्हाई ओ, बघा की जरा." बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या मालकांचा फोन. कोल्हापूरचं गिऱ्हाईक म्हणतंय सोमवारीच पाठवली, यांच्या इनबॉक्समध्ये काही नाही. सर्व्हर मीच बसवलेला, लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (पेटीतली मेल लोकांना वाचायला देणारा). लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाची नोंदवही, उघडला तर मेल आल्याची आणि पेटीत पडल्याची ओळ स्वच्छ दिसत होती. त्या मेलचं पुढे काय झालं, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. चूक माझीच.

पोस्टफिक्सचा लॉग म्हणजे पोस्टमनची वही. पत्र पेटीत टाकलं की त्याचं काम संपलं. पेटीतून कुणी काढलं, कुणी फाडलं, हे डव्हकॉटला विचारायचं, आणि तो विचारल्याशिवाय सांगत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये 'नोटिफाय' आणि 'मेल लॉग' ही दोन्ही प्लगइन (जोड-प्रोग्राम) चालू करावी लागतात. एकट्या 'मेल लॉग'नं भागत नाही, तिथंच बरेच जण अडकतात. मग डिलीट, एक्सपंज (पेटीतून कायमचं पुसणं), कॉपी सगळं मेसेज आयडीसकट, म्हणजे त्या मेलच्या ओळख-क्रमांकासकट, उतरतं. त्या ओळीतला सेशन आयडी (त्या वेळच्या जोडणीचा क्रमांक) लॉगिनच्या ओळीशी जुळवला की आयपी पत्ता, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, हाती लागतो.

फाउंड्रीत हे चालू केलं आणि आठवड्याभरात चोर सापडला: स्टोअरमधला जुना कॉम्प्युटर! त्यातलं आउटलुक पीओपीवर (मेल सर्व्हरवरून उतरवून घेण्याची जुनी पद्धत) होतं आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण काढलेली. ते मेल उतरवून घ्यायचं आणि सर्व्हरवरून पुसून टाकायचं. तोवर ऑफिसातल्या दोघातिघांवर संशय घेऊन झाला होता, ते वेगळंच. एकच आयडी पाचजण वापरत असतील तर लॉग तुम्हाला कॉम्प्युटरपर्यंत नेतो, माणसापर्यंत नाही. प्रत्येकाला वेगळा आयडी द्या.

पाठवलेल्या मेलबाबत उलटी गफलत होते. 'स्टेटस सेंट' दिसलं की लोक पोचली म्हणून मोकळे होतात. समोरच्या सर्व्हरनं २५० ('घेतली' सांगणारा आकडा) म्हणून मेल ताब्यात घेतली, एवढाच त्याचा अर्थ. ती नंतर स्पॅममध्ये गेली तर ते तुमच्या लॉगमध्ये येणार नाही. २५० पुढचा मजकूर आणि वेळ त्यांच्या आयटीवाल्याला कळवा. शोधतानाही नुसत्या पत्त्यावर ग्रेप (लॉगमध्ये शब्द शोधायची कमांड) मारू नका. पाठवणारा एका ओळीत, घेणारा दुसऱ्या ओळीत असतो. दोन्हींना बांधणारा धागा म्हणजे क्यू आयडी, पोस्टफिक्स रांगेतल्या प्रत्येक मेलला देतो तो क्रमांक. छोटे क्यू आयडी पुन्हा वापरले जातात, म्हणून लांब आयडीचं सेटिंग चालू करा. पोस्टफिक्स २.९ पासून ते आहे, पण मुळात बंद असतं.

डेबियन १२ वर (लिनक्सचाच एक प्रकार) मेल लॉगची फाइलच दिसत नाही म्हणून घाबरू नका. तिथं आरसिसलॉग (लॉग फाइलीत लिहिणारा प्रोग्राम) आपोआप बसत नाही, नोंदी सिस्टिमच्या जर्नलमध्ये असतात, त्या 'जर्नलसीटीएल' कमांडनं बघायच्या. विषयाची ओळ लॉगमध्ये घेतली असेल तर मराठी असो वा कन्नड, अगम्य अक्षरं दिसतील. तो बिघाड नव्हे, एन्कोडिंग आहे, म्हणजे अक्षरं संकेतात बदलून पाठवलेली.

किती दिवसांचा लॉग ठेवायचा, याकडे कुणी बघत नाही. डेबियन-उबुंटूवर आरसिसलॉगच्या फाइली दर आठवड्याला फिरतात (जुनी बाजूला, नवी सुरू) आणि जुन्या चारच राहतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, कंपन्यांनीही. म्हणजे लॉगरोटेटमध्ये (फाइली फिरवणारा प्रोग्राम) चारच्या जागी किमान २६ लिहा, कॉम्प्रेस चालू करा आणि लॉगला डिस्कचा वेगळा भाग (पार्टिशन) द्या. लॉगनं डिस्क भरली की पोस्टफिक्स मेल घेणंच थांबवतो. मग लॉगच मेल अडवून बसतो.

सर्व्हरच्या घड्याळाकडंही कुणी बघत नाही. आपल्याकडं जुलैत लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. मदरबोर्डचा सेल मेलेला असेल तर सर्व्हर उठतो तो भलत्याच तारखेत, आणि त्या नोंदी पुरावा म्हणून कुणी मानत नाही. क्रोनी (घड्याळ नेटवरून जुळवणारा प्रोग्राम) बसवा. वेळ एनआयसी (सरकारचं माहिती केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) एनटीपी, म्हणजे वेळ सांगणाऱ्या, सर्व्हरशी जुळवायची, हेही त्याच निर्देशांत आहे.

लॉगिन जमत नाही म्हणून डव्हकॉटचं पासवर्ड डीबग (चूक शोधायला जास्तीच्या नोंदी) चालू केलंत तर काम होताच बंद करा. नाहीतर लोकांचे पासवर्ड वाचता येतील असे लॉगमध्ये पडतात, आणि वर २६ आठवडे तिथंच राहतात.