चिखलणीपूर्वी जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ तपासून घ्यावा

मुरबाड, शहापूर, भिवंडी या पट्ट्यात पावसाने जोर धरला की भातखाचरांच्या चिखलणीची एकच घाई उडते, आणि उन्हाळाभर पडवीत उभा असलेला जुना ट्रॅक्टर नेमका तेव्हाच सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी विजेची मोटर, घेत नाही. अशा वेळी थेट नवी बॅटरी आणू नये. दोष बऱ्याचदा बॅटरीत नसून तिच्या जोडण्यांत असतो आणि मे महिन्यातल्या एका सकाळी तो सापडू शकतो.

चावी फिरवताना आधी हेडलाइट लावून ठेवावेत. नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर क्षार चढला आहे असे समजावे. दिवे तसेच प्रखर राहिले, तर सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडून देणारा स्विच) किंवा सेल्फचे कार्बन ब्रश (आतल्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) तपासावेत. आवाजच नसेल तर फ्यूज, चावीचा स्विच आणि असल्यास क्लचखालचा सेफ्टी स्विच पाहावा.

टर्मिनल साफ करताना ऋण बाजूची वायर आधी काढावी आणि बसवताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. पांढरा-हिरवट थर खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवावा, मात्र ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. शिसे चकचकीत दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासून टर्मिनल घट्ट आवळावे व वरून व्हॅसलिन लावावे. बॉडीला जोडलेल्या अर्थ वायरकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. तिचा बोल्ट उघडला की खाली रंग, गंज आणि गेल्या वर्षीचा वाळलेला चिखल हमखास निघतो. एवढे करूनही शंका उरली तर मीटर लावावा. पूर्ण चार्ज होऊन काही तास विसावलेली 12 व्होल्टची बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते; सेल्फ मारताना काटा 9.6 च्या खाली गेला तर ती थकली आहे.

सेल्फ जोमात फिरूनही सायलेन्सरमधून धूर येत नसेल, तर डिझेल पंपापर्यंत पोहोचत नाही. बंद करण्याचा नॉब पूर्ण आत गेला आहे का ते पाहावे, मग अडकलेली हवा काढण्यासाठी फिल्टरवरील एअर स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत फीड पंपाची हात-कळ मारावी. किनारपट्टीच्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत पाणी धरते, म्हणून फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे. एका वेळी 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये.

स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे टर्मिनल थेट जोडून गाडी चालू करण्याची सवय मात्र कायमची सोडावी. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो चाकाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर जातो.

सेल्फ खोलायचाच असेल तर जून उजाडण्यापूर्वी खोलावा आणि ब्रशबरोबर बुशही (दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या) बदलायला सांगावेत, कारण बुश झिजले की आर्मेचर, म्हणजे सेल्फचा फिरणारा भाग, आत घासते आणि नवे ब्रश घालूनही सेल्फ जडच फिरतो.