टर्नरी आलेखावर वक्र बसवताना या चुका टाळा

पाणी, ॲसिटिक ॲसिड आणि क्लोरोफॉर्म यांच्या मिश्रणाचं टायट्रेशन करून, म्हणजे एक घटक थेंबाथेंबाने मिसळत, पंधरा-वीस बिंदू मिळालेले असतात. ते टर्नरी आलेखाच्या, म्हणजे तीन घटकांचं प्रमाण दाखवणाऱ्या त्रिकोणात मांडले की एकजीव मिश्रण आणि दोन थरांत फुटणारं मिश्रण यांमधली घुमटासारखी सीमारेषा डोळ्यांना स्पष्ट दिसते. संगणकाला तीच रेषा काढायला सांगितली तर मात्र ती कधी नागमोडी होते, कधी त्रिकोणाबाहेर जाते. बहुतेक वेळा दोष मोजणीत नसून गणित मांडण्याच्या पद्धतीत असतो.

आधी बिंदू जागेवर आहेत का ते बघा

तिन्ही घटकांची बेरीज 1 हवी. टक्के आणि अंश एकाच तक्त्यात मिसळलेले नकोत. वस्तुमान-अंश (वजनानुसार वाटा) आणि मोल-अंश (रेणूंच्या संख्येनुसार वाटा) हेही एकत्र येऊ देऊ नका. एकातून दुसऱ्यात रूपांतर केल्यावर सरळ रेषा सरळच राहते, पण वक्राचा आकार आणि बिंदूंमधली अंतरं बदलतात.

अ, ब, क हे तीन घटकांचे अंश माना. अ डाव्या कोपऱ्यात, ब उजव्या कोपऱ्यात आणि क वर असेल, तर आलेखावरचे आडवे आणि उभे निर्देशक क्ष = ब + क/2 आणि य = 0.866 × क. अक्षांची दिशा उलटी तर झाली नाही ना, हे तपासायला तिन्ही घटक समान असलेला बिंदू निरुपयोगी आहे, कारण तो कसाही मांडला तरी मध्यभागीच येतो. त्याऐवजी अ, ब, क अनुक्रमे 0.6, 0.3, 0.1 असलेला बिंदू घ्या. तो (0.35, 0.087) इथेच आला पाहिजे.

सर्वात मोठी चूक: य हे क्षचं फल मानणं

माझाही बराच वेळ यातच गेला. सवयीने आपण सहाव्या घाताची बहुपदी बसवतो. पण सीमारेषा एका बाजूला झुकली की एकाच क्षसाठी दोन य येतात आणि बहुपदीला ते दाखवताच येत नाही. शिवाय घात वाढवला की टोकांजवळ लाटा उठतात. समान अंतरावरच्या बिंदूंमधून बहुपदी नेताना हे कसं घडतं, ते जर्मन गणितज्ञ रुंगे यांनी 1901 मध्येच दाखवून दिलं होतं.

यासाठी एक कसोटी आहे. त्रिकोणाचे कोपरे अदलाबदल करून वक्र पुन्हा बसवा. कोणता घटक वर ठेवायचा, ही निवड आपली असते. निसर्गाला त्याचं काही नाही. त्यामुळे वक्र बदलला तर पद्धतच चुकीची आहे.

खरा उपाय म्हणजे वक्राकडे वाट म्हणून पाहणं. पहिल्या बिंदूपासून वाटेवर किती अंतर चाललो, त्याला ट म्हणा आणि क्ष व य हे दोन्ही टचे स्प्लाइन (छोटे बहुपदी तुकडे गुळगुळीत जोडून बनलेले वक्र) म्हणून बसवा. लागोपाठच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढायला तिन्ही घटकांमधल्या फरकांचे वर्ग मिळवा, 2 ने भागा आणि वर्गमूळ घ्या.

मात्र वाट म्हटली की क्रम आला. टायट्रेशन दोन्ही बाजूंनी केलेलं असतं आणि वहीतल्या नोंदी प्रयोगाच्या क्रमाने असतात. त्या तशाच दिल्या तर रेषा घुमटाच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर उड्या मारते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बिंदू हाताने ओळीत लावा. वीस बिंदूंना पाच मिनिटं पुरतात.

बेरीज 1 राहत नाही

तिन्ही घटकांना तीन वेगळे स्प्लाइन बसवले आणि प्रत्येकाला गुळगुळीतपणा वेगळा दिला, तर वक्रावरच्या बिंदूंची बेरीज 0.98 किंवा 1.03 अशी निघू शकते. तिघांनाही तोच ट, त्याच गाठी (तुकडे जोडण्याच्या जागा) आणि तीच भारांकनं (कोणत्या बिंदूला किती महत्त्व द्यायचं ते आकडे) दिली तर साध्या न्यूनतम-वर्ग स्प्लाइनमध्ये बेरीज आपोआप 1 राहते. पीचिपसारख्या (PCHIP) एकदिशता जपणाऱ्या, म्हणजे चढते बिंदू असतील तिथे रेषा चढतीच ठेवणाऱ्या, पद्धतीत ही हमी नाही. म्हणून मी क्ष, य यांनाच वक्र बसवते आणि घटक नंतर काढते.

गुळगुळीतपणाचा आकडा

एक्सेलमधली गुळगुळीत रेषा प्रत्येक बिंदूतून जाते, म्हणजे मोजणीतल्या चुकाही इमानाने गिरवते. पायथनच्या सायपाय या गणिती संचात स्प्लप्रेप (splprep) हा असा स्प्लाइन बसवणारा आदेश आहे. त्यात ‘एस’ ही उरलेल्या चुकांच्या वर्गांच्या बेरजेची मर्यादा असते. 20 बिंदू आणि क्ष, य दोन्हींत साधारण 0.005 ची अनिश्चितता असेल, तर 2 × 20 × 0.005² म्हणजे 0.001 पासून सुरुवात करा. भारांकनं न देता तिथे 15-20 असा आकडा गेला तर अंशांच्या मापात ती मर्यादा अवाढव्य ठरते आणि वक्र बिंदूंकडे पाहतही नाही.

त्रिकोणाबाहेर गेलेली रेषा

ऋण अंश शून्य करून टाकणं हा उपाय नव्हे. त्याने वक्राला कोपरा पडतो. पायाच्या बाजूवरची दोन टोकं, म्हणजे पाणी आणि क्लोरोफॉर्म यांची परस्पर विद्राव्यता, डेटात घाला आणि त्यांना जास्त भार द्या. संख्याशास्त्रज्ञ एचिसन यांची लॉग-गुणोत्तरं (घटकांच्या गुणोत्तरांचे लॉग घेऊन काम करण्याची पद्धत) वक्राला त्रिकोणातच ठेवतात, पण शून्य अंशाचा लॉग निघत नाही आणि इथे तर टोकंच शून्यावर आहेत. शिवाय लॉगमध्ये 0.01 आणि 0.02 यांतला फरक 0.4 आणि 0.8 यांतल्या फरकाइतकाच मोठा होतो, म्हणून कडेजवळची किरकोळ चूक सगळा वक्र ओढून नेते.

प्लेट पॉइंट, म्हणजे दोन्ही थरांची घडण एकच होते तो बिंदू, घुमटाच्या माथ्यावरच असेल, असं धरून वक्र सममित करू नका. तो बहुधा एका बाजूला असतो आणि टाय लाइन (समतोलातल्या दोन थरांचे बिंदू जोडणारी रेषा) आखडत जाऊन जिथे तिचा एकच बिंदू उरतो, तिथेच सापडतो. टाय लाइनची टोकं वेगळी मोजलेली असतील तर ती वक्र बसवताना वापरू नका, राखून ठेवा. ती वक्रावर अनिश्चिततेच्या आत पडली तर वक्र वापरा. सगळी एकाच बाजूला सरकलेली दिसली तर पुन्हा एककं तपासा.