क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट: प्रॅक्टिकल, जर्नल आणि ओरल

बी.पी.एड., एम.पी.एड. किंवा स्पोर्ट्स सायन्सला असाल, तर एक्सरसाइज फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये ही टेस्ट कधी ना कधी वाट्याला येतेच. ट्रेडमिल नको, गॅस अ‍ॅनालायझर नको. तीन मिनिटं चढउतार, पंधरा सेकंद नाडी, एक सूत्र, की व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा, अंदाज हातात. इतकं सोपं दिसतं म्हणूनच घाईत उरकलं जातं. चुका होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: पायरीची उंची, ताल, थांबल्यानंतरची पाच सेकंदं आणि नाडीवरची बोटं. कुठली चूक आकडा कुठल्या बाजूला ढकलते हे सांगता आलं, तर ओरलचं निम्मं काम झालं.

पायरी

उंची ४१.३ सें.मी., म्हणजे सव्वासोळा इंच. ही टेस्ट न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात बसली, तीही तिथल्या जिममधल्या प्रेक्षकांच्या बाकांच्या पायऱ्यांवर. म्हणून हा विचित्र आकडा. आपल्याकडे डिपार्टमेंटमध्ये बहुधा हार्वर्ड टेस्टचा (दुसरी एक स्टेप टेस्ट) २० इंची बाक पडलेला असतो आणि तोच ओढून आणला जातो. २० इंच म्हणजे ५०.८ सें.मी., म्हणजे दर पायरीला सुमारे २३ टक्के जास्त चढण. ठोके वाढतात, सूत्रात ठोके जास्त तितका आकडा कमी, आणि धडधाकट मुलगा कागदावर लेचापेचा ठरतो.

सुताराकडून बाक करून घेणार असाल तर वरची फळी किमान ६० × ४० सें.मी. ठेवा आणि ती ७०-८० किलोच्या माणसाखाली लचकता कामा नये. घसरू नये म्हणून वर रबर मॅट चिकटवली, तर तिची जाडीही उंचीतच मोजायची. टेप धरायची ती खाली पाऊल जिथे टेकतं तिथून वर पाऊल जिथे टेकतं तिथपर्यंत. खाली १० मि.मी.ची योगा मॅट अंथरलीत तर पायरी तेवढीच बुटकी झाली.

ताल

मुलांसाठी मिनिटाला २४ पायऱ्या, मुलींसाठी २२. एक पायरी म्हणजे चार हालचाली: उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. प्रत्येक हालचालीला एक टिक, म्हणून मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) मुलांसाठी ९६ वर आणि मुलींसाठी ८८ वर. मोबाइलवरचं फुकटचं अ‍ॅप पुरतं. मेट्रोनोम २४ वर लावून ठेवणारे दर बॅचला एक-दोन निघतातच. मग टिक एक आणि पावलं चार, मधल्या तीन पावलांचा ताल ज्याचा त्याचा.

आधी दहा-पंधरा सेकंद ताल ऐकू द्या, पाच-सहा पायऱ्या करून बघू द्या आणि मग थोडं बसवा. वर गेल्यावर दोन्ही गुडघे पूर्ण सरळ झाले पाहिजेत. दुसऱ्या मिनिटानंतर थकलेला माणूस वाकलेल्या गुडघ्यांनीच परत उतरू लागतो. काम कमी झालं की ठोके कमी आणि आकडा फुगतो. पुढचा पाय मध्ये बदलला तरी चालतं, ताल मात्र तुटू द्यायचा नाही.

टेस्टच्या आधी

निदान दोन-तीन तास आधी जड जेवण, चहा-कॉफी, तंबाखू काही नको. आदल्या दिवशी जोरदार वर्कआउट नको. पाच मिनिटं बसवून विश्रांतीची नाडी घ्या. ती १०० च्या वर असेल, ताप असेल, छातीत दुखण्याचा किंवा चक्कर येण्याचा इतिहास असेल, तर त्या दिवशी टेस्ट घ्यायची नाही. बीटा ब्लॉकरच्या गोळ्या चालू असतील तर ठोके मुळातच दबलेले असतात, सूत्र फसतं.

प्रॅक्टिकल परीक्षा एप्रिलमध्ये असेल तर सकाळी लवकर उरका. उन्हाने तापलेल्या हॉलमध्ये शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळतं, ठोके वाढतात, ऑक्सिजनचा खर्च मात्र जवळपास तेवढाच राहतो. सूत्राला यातलं काही कळत नाही. ते वाढलेले ठोके बघतं आणि मार्क कापतं.

टेस्ट चालू असताना छातीत दुखलं, घेरी आली, चेहरा पांढरा पडला किंवा सांगूनही १५ सेकंद ताल सापडला नाही, तर थांबवा.

पाच ते वीस

सगळी टेस्ट या पंधरा सेकंदांवर उभी आहे. तीन मिनिटं संपताच सब्जेक्टने, म्हणजे टेस्ट देणाऱ्याने, उभंच राहायचं, बसायचं नाही. पहिल्या पाच सेकंदांत नाडी सापडली पाहिजे. पाचव्या सेकंदापासून विसाव्यापर्यंत ठोके मोजायचे आणि चाराने गुणायचे. थांबल्याबरोबर ठोके मंदावणारी व्हेगस नर्व्ह पुन्हा जोर धरते आणि नाडी झपाट्याने उतरू लागते, म्हणून उशीर झाला की उतरलेले ठोके मोजले जातात आणि माणूस फुकटात फिट ठरतो.

तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला. अंगठ्याने नाडी बघू नका, त्याची स्वतःचीच धडधड लागते. मानेवरची कॅरोटिड धमनी लवकर सापडते, पण बोट हलकं हवं. दाबलं की तिथले बॅरोरिसेप्टर, म्हणजे रक्तदाब ओळखणारे सेन्सर, मेंदूला प्रेशर वाढल्याची वर्दी देतात आणि ठोके खरोखरच मंदावतात. दोन्ही बाजूंची कॅरोटिड एकदम कधीच धरू नका. एकाने घड्याळ बघून ‘चालू’ आणि ‘बंद’ म्हणायचं, दुसऱ्याने फक्त मोजायचं. दोन्ही कामं एकट्याने केली की एखादा ठोका निसटतोच.

गणित

मुलांसाठी: १११.३३ − (०.४२ × मिनिटाचे ठोके)
मुलींसाठी: ६५.८१ − (०.१८४७ × मिनिटाचे ठोके)

उत्तर दर किलो वजनामागे, दर मिनिटाला इतके मि.लि. ऑक्सिजन. समजा मुलाचे पंधरा सेकंदांत ३७ ठोके आले. ३७ × ४ = १४८. ०.४२ × १४८ = ६२.१६. उत्तर ४९.१७. मुलीचे ४० आले तर १६० आणि उत्तर ३६.२६.

एक ठोका चुकला तर मिनिटाला चारचा फरक पडतो. मुलाच्या उत्तरात १.६८ आणि मुलीच्या उत्तरात ०.७४ इतका. शिवाय या अंदाजात साधारण १६ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणजे ४९ चा मुलगा प्रत्यक्षात ४१ ते ५७ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून निष्कर्षात ‘अ हा ब पेक्षा १.३ ने फिट’ असलं काही लिहू नका.

जर्नलमध्ये ३७ हा मूळ आकडा लिहाच, नुसता १४८ नको. मिनिटाचे ठोके चाराच्या पाढ्यात बसायलाच हवेत. ज्याच्या तक्त्यात १४५, १५०, १५५ असे गोंडस आकडे आहेत, त्याने टेस्ट घेतलेलीच नाही हे एक्स्टर्नलला पान उलटताच कळतं. ठोके मोजणारा छातीवरचा बेल्ट वापरला असेल तर तसं नमूद करा आणि त्याच पंधरा सेकंदांची सरासरी घ्या. मनगटी घड्याळाचा आकडा काही सेकंद मागून येतो, या टेस्टला तो नको.

ओरलला हमखास

सूत्रात वजन का नाही? कारण माणूस स्वतःचंच वजन उचलतो आणि उत्तरही दर किलोमागेच आहे. लिटरमध्ये हवं असेल तर वजनाने गुणा: ४९.१७ × ६५ किलो ÷ १००० = सुमारे ३.२ लिटर.

काम किती झालं? ७२ पायऱ्या × ०.४१३ मीटर, म्हणजे जवळपास ३० मीटर, दहा मजली इमारतीएवढी चढण. हिला सबमॅक्सिमल, म्हणजे कमाल क्षमतेच्या आतली, टेस्ट म्हणतात, पण मुलांच्या तालाला ऑक्सिजनचा खर्च किलोमागे मिनिटाला ३२ मि.लि.च्या आसपास येतो. ज्याची कमाल क्षमताच तेवढी आहे, त्याच्यासाठी ती मॅक्सिमलच.

घरी वडिलांची टेस्ट घेतली तर चालेल का? नाही. सूत्रं कॉलेजवयीन मुलामुलींवरून काढलेली आहेत. वयाबरोबर कमाल ठोके घटतात, त्यामुळे पन्नाशीच्या माणसाचा आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसेल.

आठ आठवड्यांच्या ट्रेनिंगनंतर पुन्हा मोजायचं असेल तर तोच बाक, तीच वेळ, जमल्यास मोजणाराही तोच ठेवा. तिथे सूत्र बाजूला ठेवून नुसते ठोकेच ताडून बघितलेत तरी चालेल.